मोटारीची टाकी नक्की कुठं?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय. लोणावळ्यात अजून पंप आलेला नाही, म्हणून मी डब्यातून पेट्रोल विकतो. आज औंढ्याचे म्हातारे आबा भाड्याच्या मोटारीतून आले, पुढंच बसले होते. इथं येणाऱ्या बहुतेक गाड्यांची टाकी पुढच्या सीटखाली असते, म्हणून गुडघे आखडलेल्या आबांना मी हात धरून उतरवलं. सीट उचलली, तर खाली नुसते पाने-हातोडे!

ड्रायव्हर गालात हसला. "टाकी मागं आहे."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

उन्हात उभे आबा कडाडले, "आरं, बैलाला चारा कुटं घालायचा, ह्ये कुनाला इचारावं लागत न्हाई!"

प्रत्येक मोटारीची टाकी वेगळ्या जागी बसवणाऱ्यांनी कधी म्हाताऱ्या माणसाला उतरवून पुन्हा चढवलंय का हो?