सिदू नानांचं शेवटचं वाक्य

सिदू नानांच्या दुकानात दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं मंगळाचं. मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. म्हणून नाना रोज सकाळी दुकान उघडलं की स्टुलावर चढून दुसऱ्या घड्याळाचा काटा चाळीस मिनिटं मागे घेत, आणि मग उतरून उदबत्ती लावत. गिऱ्हाइकाने विचारलं, "नाना, मोटार कवा मिळंल?" तर दोन्ही घड्याळांकडे बघून सांगत, "हितल्या टायमानं सांजच्याला. घाई नसंल तर तितल्या टायमानं." दुपारी मागच्या खोलीतून त्यांच्या पत्नीची, हौसाकाकूंची हाक येई, "आवं, मंगळावर जेवान झालं असंल तर हितं बी दोन घास खावा."

दुकान आटपाडीच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नाना भरून देत, म्हणजे जळकी तार उपसून तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालत. त्याआधी ते सैन्यात बिनतारी संदेशाच्या विभागात होते. घराणं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की वडील आणि चुलते कळप घेऊन कृष्णाकाठी उतरत. नानांचं शिक्षण आठवीपर्यंत. या माणसाने चाळीसच्या वर विज्ञानकथा लिहिल्या. त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत. त्याचं एक कारण मी आहे.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात तालुक्यांचं पान बघत असे. गावोगावचे वार्ताहर बातम्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत आणि संध्याकाळी ती पाकिटं आमच्याकडे पोचत. एका संध्याकाळी आटपाडीच्या गाडीने एक पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'बातमी. तातडीचे.' आत सुवाच्य अक्षरातला कागद होता: 'मेंढरे बसविण्यावरून वरची वस्ती व खालची वस्ती यांच्यात सुरू असलेला वाद अखेर सामोपचाराने मिटला. कळप एक रात्र वरच्या वस्तीच्या रानात व एक रात्र खालच्या वस्तीच्या रानात बसवावा, असे ठरले.'

आमच्या भागात ही रोजची गोष्ट आहे. रात्री कळप रानात बसवला की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य देऊन बोलावून नेतात. कळप आधी कुणाच्या रानात, यावरून भांडणंही होतात. कागदावर गावाचं नाव नव्हतं. वार्ताहर विसरला असेल, असं समजून मी 'आटपाडी' घातलं. तेवढ्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. बातमी खालून कापतात. महत्त्वाचं सगळं वर असतं, हे आमचं पहिलं शिक्षण. शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य होतं. ते मी न वाचता उडवलं.

तिसऱ्या दिवशी जत तालुक्यातल्या एका सरपंचांचा फोन आला. "सायेब, आमच्या दोन वस्त्यांची बातमी तुमास्नी कुनी दिली? वर नाव आटपाडीचं पडलंय, पर भांडान आमचंच."

"का? चुकीची आहे का?"

"चुकीची व्हती. भांडान मिटलं न्हवतं. पर पेपरात मिटलं म्हनून आल्यावर न मिटवून कसं चालंल? काल मिटवलं. तोडगा झ्याक हाय."

त्याच दुपारी पोस्टकार्ड आलं. 'बातमी छापल्याबद्दल आभारी आहे. शेवटचे वाक्य राहून गेल्याने चंद्रावरची बातमी आटपाडीची झाली आहे. तरी दुरुस्ती व्हावी. सिदू यमगर, मोटार दुरुस्ती.'

मी दोन्ही गोष्टी संपादकांना सांगितल्या. ते पोस्टकार्ड वाचून म्हणाले, "खुलासा काय छापणार? वाद चंद्रावरचा होता म्हणून? जतचे पुन्हा भांडतील. तुम्ही जाऊन त्या गृहस्थांना भेटून या."

गेलो. नाना मांडीवर मोटार घेऊन बसले होते. माझं नाव ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमीच व्हय कापनारं?"

मी हो म्हणालो.

"बसा. गड्या, तुमचा जीव डोक्यात असतो, आमचा शेपटात. तुमी शेपूट कापलं."

मी विचारलं, कथा लिहिता तर ती बातमीसारखी का लिहिता? नाना म्हणाले, "फौजेत काय शिकलो? रपोट. काय झालं, कवा झालं, कुनी केलं. पुढल्या शंभर सालांत जे होनार त्याचा बी रपोटच लिवायचा. वाचनाऱ्याला शेवटच्या वळीपत्तूर वाटलं पायजे की हे आपल्याच शेजारचं हाय. मग शेवटच्या वळीला त्येला उचलून वर न्यायचा." हा त्यांचा सगळा कथाविचार होता. तेवढ्यासाठी ते प्रत्येक कथेचं शेवटचं वाक्य दहा-बारा वेळा लिहून बघत. सगळ्या कथा मोटारीच्या तारेच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेल्या होत्या.

त्यांच्याकडे राक्षस, उडत्या तबकड्या, किरणांच्या बंदुका नव्हत्या. मंगळावर तीन भाऊ वेगळे निघतात आणि हवेच्या टाकीची वाटणी करायला बसतात, पण आई कुणाच्या वाट्याच्या हवेत राहणार यावर बोलणी अडतात. दुसऱ्या एका कथेत नवरा मंगळावर, बायको इकडे खरसुंडीत, आणि दोघं बिनतारी संदेशावर भांडतात. संदेश पोचायला वीस मिनिटं. तिच्या शिव्या पोचतात तेव्हा त्याची माफी कधीच निघालेली असते, आणि माफी पोचते तेव्हा तिचा राग गेलेला असतो. ही कथा मला आवडली, असं मी म्हणालो. हौसाकाकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे फौजेत व्हते तवा पत्राला पंधरा दिस लागायचे. ह्यांनी वीस मिंटं लिवली, लय झालं."

शास्त्राच्या बाबतीत ते कडक होते. चंद्रावर मेंढरं श्वास कसा घेतात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी काचेच्या मांडवाचा कागदावर नकाशा काढून दाखवला आणि वर सुनावलं, "शास्त्रात थाप मारायची न्हाई. मानसांच्या बाबतीत मारायची गरजच पडत न्हाई. मानूस मंगळावर गेला तरी शेजाऱ्याचा बांध कोरनारच."

पुढची काही वर्षं मी त्यांच्या कथा घेऊन फिरलो. आमच्याच रविवारच्या पुरवणीचे प्रमुख म्हणाले, "बातमी म्हणावं तर खोटी, कथा म्हणावं तर रुक्ष." तरी दोन कथा छापल्या. पहिलीचं शेवटचं वाक्य पान लावणाऱ्याने काढलं, कारण खाली शब्दकोडं होतं. दुसरीच्या वेळी मी स्वतः उभा राहून पान लावून घेतलं. छपाईत खालची ओळ उमटलीच नाही. मी अंक घेऊन गेलो. नानांनी तो उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "उजेडात धरलं तर दिसतंय थोडं. ज्येला गरज असंल त्यो धरंल."

मग साताऱ्यातल्या एका छोट्या साहित्य मेळाव्यात त्यांना दहा मिनिटं मिळाली. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. घरी हौसाकाकूंना समोर बसवून, घड्याळ लावून सराव केला होता. कथा बरोबर दहा मिनिटांची होती. पण सूत्रसंचालकांनी त्यांची ओळख करून देण्यातच एक मिनिट खाल्लं. नाना वीस मिनिटांच्या संदेशाची कथा वाचत होते. सभागृह हसत होतं. शेवटचं वाक्य उरलं आणि घंटा वाजली. नानांनी कागदाची घडी केली, "टाइम संपला. जय हिंद," म्हणाले आणि खाली उतरले. मी रागाने उठलो, तर त्यांनीच मला खाली बसवलं. "हुकूम म्हंजे हुकूम."

बाहेर चहाच्या गाड्यावर उभे असताना वाईच्या एक निवृत्त शिक्षिका झपाझप आल्या. म्हणाल्या, "अहो, थांबा. मला पुढची गाडी पकडायचीय, पण तुमचं शेवटचं वाक्य ऐकल्याशिवाय जाणार नाही. शेवटी काय होतं?"

नानांनी चहाचा पेला गाड्यावर ठेवला. खिशातून कागद काढून, घडी उलगडून, जणू वरिष्ठांसमोर उभे आहेत अशा आवाजात वाक्य वाचलं: "त्यानंतर दोन्ही ग्रहांवरून एकाच वेळी 'जेवलात का' असा संदेश निघाल्याचे वृत्त आहे."

बाई खळखळून हसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि गाडी पकडायला पळाल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. विट्यात उतरताना नाना म्हणाले, "एक झाला वाचक. आता मोजायला तरी जागा झाली."

गेल्या वर्षी नाना गेले. सकाळी स्टुलावर चढून मंगळाचा काटा मागे घेतला, उदबत्ती लावली आणि खुर्चीत बसले, ते उठले नाहीत. मी निवृत्त झालो होतो. निधनवार्ता लिहून दैनिकाकडे मोबाइलवर पाठवली, पाच ओळींची. सवयीने महत्त्वाचं वर ठेवलं: नाव, वय, गाव, सैन्यातली नोकरी, पश्चात पत्नी. शेवटची ओळ होती, 'त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या.' दुसऱ्या दिवशी छापून आल्या चार ओळी.

मी फोन केला. पानावरच्या उपसंपादकाचा आवाज तरुण होता. "सर, जागा नव्हती हो. खालून एक ओळ काढली." हेच उत्तर मीही आयुष्यभर दिलं होतं. आणि चूक त्याची नव्हतीच. नानांना इतकी वर्षं ओळखून ती ओळ मी खाली लिहिली होती.

अंक घेऊन आटपाडीला गेलो. हौसाकाकूंनी निधनवार्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. विचारलं, "कथांचं न्हाई आलं?" मी झालेलं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. "जाताना बी शेपूट कापलंच म्हना की! हे असते तर लय हसले असते." मग त्यांनी तारेचं पहिलं खोकं पुढे सरकवलं. सर्वांत वर त्या पहिल्या बातमीची कार्बन प्रत होती. "तुमी कापलं व्हतं न्हवं? मग तुमीच जोडा," त्या म्हणाल्या. निघताना पाहिलं, मंगळाचं घड्याळ चालू होतं. आता स्टुलावर त्या चढतात.

म्हणून हे लिहिलं. ज्यांच्याकडे ते जुनं पान असेल, त्यांनी बातमीच्या खाली एवढं जोडून घ्यावं:

'चंद्रावरील एक रात्र पृथ्वीवरील सुमारे पंधरा दिवसांची व दिवसही तेवढाच असल्याने खालच्या वस्तीला आपली पाळी येईपर्यंत महिनाभर थांबावे लागणार असून, तोपर्यंत वरच्या वस्तीने त्यांना रोज जेवायला बोलवावे, असेही या वेळी ठरले.'