गुरुवारची वेळ

माणसं अडखळताना बघायची, हे माझं काम. नवं अ‍ॅप लोकांना वापरता येतं का, ते तपासायचं. सॉल्ट लेकमधल्या आमच्या ऑफिसात पाच-सहा जणांना एकेक करून बोलवायचं, हातात फोन द्यायचा, एक काम सांगायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणायचं. आपण मात्र हाताची घडी, तोंडावर बोट. कुणी "आता काय करू?" विचारलं, तर आपणच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच आहे.

त्या दिवशी डोळ्यांच्या एका हॉस्पिटलसाठी तयार होणाऱ्या अ‍ॅपची पाळी होती. शहराबाहेरच्या बजबजहून एक मासिमा, म्हणजे आपल्याकडच्या मावशी, आल्या होत्या, साठीच्या, घडीची साडी नेसून. मी नेहमीचा कागद बंगालीत वाचून दाखवला: हा नुसता नमुना आहे, खरं काही होणार नाही, परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे. त्यांनी मान डोलावली. सगळेच डोलावतात. मग मी काम सांगितलं. समजा, तुमच्या यजमानांच्या डोळ्यांना त्रास आहे, तर त्यांच्यासाठी गुरुवारची वेळ घ्या.

त्या सावरून बसल्या. महिन्याच्या नावावर बोट दाबलं, काही झालं नाही. डॉक्टरांच्या फोटोवर दाबलं, काही झालं नाही. त्या नमुन्यात फक्त गुरुवारचा चौकोन दाबला जात होता, बाकी सगळी नुसती चित्रं. त्या मोठ्याने बोलत होत्या, सांगितल्याप्रमाणेच. डावा डोळा गेलाच, उजवा तरी राहू दे, परवा चहा कपाबाहेर ओतला त्यांनी, मलाच हे फोनचं कळत नाही, माझंच चुकतंय. मी वहीत लिहिलं, भूमिकेत छान शिरल्यात.

दोनदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोनदा मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मी घड्याळात मिनिटं मोजत होते. अकराव्या मिनिटाला गुरुवार सापडला. हिरवी खूण आली. शेजारच्या खोलीत पडद्यावर बघणाऱ्या आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, त्या भिंतीतून ऐकू आल्या. मासिमांनी फोन कपाळाला लावला.

शेवटच्या प्रश्नावलीत त्यांनी अ‍ॅपला दहापैकी दहा गुण दिले. मग पिशवी उचलत विचारलं, "दीदी, मग गुरुवारी यांना कोणत्या दारातून आणू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. मी पुन्हा समजावलं, हे खोटं होतं, कुठेही नोंद झालेली नाही. तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, फोनवर नंबर मिळत नाही, पहाटे येऊन रांगेत उभं राहायचं. हे मासिमांना ठाऊकच होतं. बजबजहून पहाटे निघूनही दोन वेळा त्यांचा नंबर लागला नव्हता, म्हणून तर त्या एवढ्या आशेने इकडे आल्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी खाली ठेवून त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि हात पुढे केला.

"आता मला जमतं, दीदी. खरा फोन द्या, लगेच करते."

खरं अ‍ॅप अजून बनलेलंच नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि त्यांचा हात तसाच पुढे राहिला.