लाल गाडी आणि भावजय

बाबांच्या लाल गाडीचं टप उन्हानं पार गुलाबी पडलं होतं. इंदिरानगरच्या आमच्या घरापुढे शेड नाही, त्यामुळे गाडी बारा महिने उघड्यावर. बॉनेटवरून बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागायची. धाकटा भाऊ म्हणायचा, विकून टाका. बाबा ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी फडकं घेऊन धूळ झटकायला जायचे. त्या कामाला त्यांनी कधी कुणाचा हात लागू दिला नाही. माझा तर नाहीच.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माहेरी गेले आणि भावजयीला त्या गाडीवर पॉलिशचं मशीन फिरवताना पाहिलं, तेव्हा फाटकातच थबकले. ती चांदवडची. सातपूरच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरीला आहे. व्हिडिओ बघून बघून शिकली होती, मशीनही तिनंच मागवलं होतं. बाबा शेजारी स्टुलावर बसून काचेच्या रबराला पॉलिश लागू नये म्हणून कागदी टेप चिकटवत होते.

"बाळा, इथं जरा राहिलंय बघ," ते तिला म्हणाले.

आमच्या घरात 'बाळा' मला म्हणायचे.

मशीनचा स्पंज लालभडक झाला होता. ते बघून आपण कसे घाबरलो, रंगच निघून चालला असं कसं वाटलं, आणि मग हिनं कसं समजावलं की वरचा मेलेला थर जातोय, खाली रंग चांगला आहे, हे सगळं बाबांनी मला दोनदा सांगितलं. बॉनेटचा अर्धा भाग खरंच असा उजळला होता की शेजारच्या कडुनिंबाची पानं त्यात दिसत होती. मी छान झालंय म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा माझ्याकडून उतू गेला.

पुढचे सगळे रविवार मी माहेरी जात राहिले. नवऱ्याला सांगायचे, बाबांची तब्येत बरी नसते. बाबांची तब्येत इतकी चांगली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

एकदा बॉनेटच्या कडेवर मशीन जरा जास्त वेळ टेकलं आणि रंग जळून खालचा राखाडी प्रायमर दिसायला लागला. भावजयीचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं. आता बाबा बोलतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. बाबांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि हसले. म्हणाले, माझ्या हातात मशीन असतं तर अख्खं बॉनेट गेलं असतं. पेंटरकडून तेवढाच ठिपका मारून घेऊ.

कॉलेजात असताना हीच गाडी माझ्याकडून फाटकाला घासली होती. तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. भावजय हात धुवायला आत गेली तेव्हा मी ते बोलून दाखवलं.

बाबांनी टेपची गुंडाळी हातात फिरवली. "तेव्हा गाडी नवी होती," ते म्हणाले. "आणि मला रागाशिवाय दुसरं काही येत नव्हतं."

त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. पण त्यानं माझं काही शमलं नाही. हे शहाणपण तिच्या वाट्याला आलं, माझ्या नाही, एवढंच मनात राहिलं.

मेण लावून काम पुरं झालं त्या दिवशी बाबांनी आपणहून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, चल, गंगापूर धरणापर्यंत जाऊन येऊ. मी चालवायला, बाबा शेजारी, भावजय मागे. सिग्नलला एक रिक्षावाला गाडीकडे बघून म्हणाला, "काका, नवीन घेतली का?" बाबा खुलले. मागे वळून ते भावजयीला म्हणाले, ऐकलंस ना. मग धरण येईपर्यंत ते तसेच मागे तोंड करून, उन्हात कुठलं कव्हर टिकेल यावर तिच्याशी बोलत राहिले.

मी आरसा जरा खाली केला. त्यात ती दिसत होती. रस्त्याकडे लक्ष द्यायला हवं म्हणून मी तो पुन्हा वर केला.