ह्यांच्या डावीकडची जागा

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत. गेलेल्याला आंघोळ घालायची, विभूती लावायची, पालखीत बसवून भजन म्हणत शेतात न्यायचं आणि खड्ड्यात मांडी घालून बसवायचं. आडवं करायचं नाही. आमचे हे गेले तेव्हा त्यांनाही नांदेडहून उदगीरकडच्या आमच्या गावी नेलं आणि वरच्या शेतात सासू-सासऱ्यांच्या डाव्या हाताला बसवलं. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर खुर्चीत अवघडलेला माणूस. मी रडता रडता मनात म्हणलं, बसा आता मांडी घालून निवांत.

दिवस झाल्यावर माझे धाकटे दीर मला शेतात घेऊन गेले. समाधीच्या डाव्या अंगाला त्यांनी पायानं रेघ ओढली आणि म्हणाले, "अक्का, ही जागा तुमची. हितं कुणाला हात लावू देणार न्हाई." दुसऱ्या कुणाला धडकी भरली असती. मला बरं वाटलं. हे गेल्यापासून माणसं येऊन काय काय सांगून जात होती. आत्मा अमर असतो म्हणे, ते वरून बघतायत म्हणे, प्रवचनाला या, मन शांत होतं. मला त्यातलं काही पटेना. पुढं काही आहे का नुसता अंधार आहे, कशासाठी एवढं जगलो, असले प्रश्न भाकरी थापायच्या वयात कधी पडले नाहीत. आता पडतात, तर बोलायला घरात कुणी नाही. नांदेडच्या त्या दोन खोल्यांत दुपार सरता सरत नाही. मग मी त्या जागेचा विचार करायची. मुरमाड माती, बांधावरचा लिंब, शेजारी हे. एवढं ठरलेलं असलं की बाकीच्याचं उत्तर नाही सापडलं तरी चालतं.

गेल्या भादव्यात दीर गेले. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मुलगा पुण्याला, तो वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मी एकटीच एसटीत बसले, अहमदपूरला गाडी बदलली, ती मेली हलता हलेना. गावात पोचले तर घराला कडी, सगळे शेताकडं गेलेले. आमच्यात बायाही जातात. चप्पल हातात घेऊन चिखल तुडवत गेले आणि लिंबाखाली बघते तर ह्यांच्या डावीकडं खड्डा काढलेला, आणि खड्ड्यात दीर बसलेले.

मठाचे स्वामी मंत्र म्हणत होते, माणसं बेल वाहत होती. मी तशीच उभी. पुतण्या जवळ आला आणि खाली बघत हळूच सांगायला लागला की, खालच्या रानात दोन ठिकाणी खणून बघितलं, कमरेइतकं गेलं की पाणी लागायचं. काळी माती, त्यात यंदा पाऊस लई. वरच्या शेतात बाकी सगळा खडक, कोरडी आणि खणता येईल अशी हीच एक जागा होती. त्याचं काय चुकलं? बापाला पाण्यात कसं बसवायचं पोरानं? मी मान हलवली. बेल वाहिला, मूठभर माती टाकली. माझ्या जागेवर माझ्याच हातानं माती लोटली आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. बाया म्हणाल्या, अक्काचा दिरावर लई जीव होता. होताच की. पण ते रडणं माझं माझ्यासाठी होतं, हे तिथं कुणाला सांगणार!

राग आला तो ह्यांचाच. जन्मभर ह्या माणसानं हेच केलं. सुट्टीत गावी आलो की ह्यांच्या ताटाला लागून भावाचं ताट, ह्यांच्या बाजेला लागून भावाची बाज. दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत आणि मी आपली चुलीपुढं. परत निघताना एसटीच्या खिडकीतूनसुद्धा भावाशीच बोलणं. मी म्हणायची, असू दे, म्हातारपणी तरी माझे व्हाल. म्हातारपण आलं आणि साखरेच्या आजारात गेलं. आता पुन्हा भाऊच शेजारी. बसा म्हणावं दोघं, मारा गप्पा.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, जागेनं काय होतं? बाबा तुझ्या मनात आहेत ना?" गुणाचा आहे पोरगा, पण कधीकधी पुस्तकातलं बोलतो. मी म्हणलं, "आहेत रे. पण मी गेल्यावर ते मन कुठं ठेवू?"  त्यानं विचारलं, जेवलीस का.

जाऊ भिंतीला टेकून बसली होती. तिचं माझं कधी पटलं नाही. मी नांदेडची शिकलेली म्हणून ती फणकारायची आणि शेतात आपणच राबतो म्हणून मला ऐकवायची. त्या दिवशी तिच्या अंगात फणकारा उरला नव्हता. मी शेजारी जाऊन बसले तशी म्हणाली, "अक्का, तुमची जागा घेतली आम्ही. मी नको नको म्हणून राहिले होते, कुणी ऐकलं न्हाई."

मी म्हणलं, घेतली तर घेतली. आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की दिरांच्या पलीकडं लगेच ओढ्याची दरड आहे. जागा हिलाही राहिली नव्हती. नवरा गेला त्याच दिवशी तिची जागाही गेली. मी विचारलं, "मग गं, तू कुठं बसणार?"

तिनं विचार करून ठेवला होता. म्हणाली, "खालच्या रानात. तुम्ही बी या, दोघी बसू." मग डोळे पुसून म्हणाली, "पर अक्का, आपल्याला उन्हाळ्यात मरावं लागंल. पावसाळ्यात तिथं पाणी लागतंय."

मला हसू आलं. तिलाही आलं. मयताच्या घरात दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसतायत, आलेल्या बाया बघायलाच लागल्या. माझा हात तिनं धरून ठेवला होता, उत्तरासाठी. मी म्हणलं, हाव, येते.

दुसरं काय म्हणणार होते? तिची सोबत वाईट नाही. पण मला ह्यांच्याशेजारी बसायचं होतं.