घरचं कोणी नाही

सरिता तीन वर्षं धरमपेठेत रंभाबाईंना सांभाळत होती. नुसतं बसायचं काम, असं लोक म्हणत. रंभाबाई मात्र तिच्याशिवाय कोणाच्या हातून घास घेत नसत.

मंगळवारी पेज भरवतानाच त्यांनी सरिताच्या खांद्यावर मान टाकली. घर नातेवाइकांनी भरलं. शेवटची अंघोळ घालायला सरिता पुढे झाली, तर सून म्हणाली, "राहू दे. घरच्या बायका घालतील."

संध्याकाळी सरिताने तिला कामावर लावणाऱ्या ब्यूरोच्या दुर्गेशभाऊंना फोन केला. "भाऊ, मले दोन दिवस सुट्टी पाहिजे."

"काहून वं? घरचं कोणी गेलं का?"

सरिता म्हणाली, "नाही."

बुधवारी सकाळी ती मानेवाड्यात दुसऱ्या आजींचे केस विंचरत होती.