बाबूच्या दंडावरचा दोरा

शालू, मालवणच्या धक्क्यावर आईनं माझ्या बाबूच्या दंडाला काळा दोरा बांधला, तेव्हा तू तिचा पदर धरून उभी होतीस. होडी सुटली तरी आई ओरडतच होती, "चेडवा, झिलाक नाचणी घाल गो!" माझ्या पायाशी नाचणीचं गाठोडं आणि मांडीवर आठ महिन्यांचा गुबगुबीत बाबू.

लालबागच्या चाळीत आले आणि मुंबई माझ्या डोक्यात गेली. काळी नाचणी गावाकडच्यांनी खावी, इथली मुलं पांढरं खातात, असं माझं मीच ठरवलं. गाठोड्यातली नाचणी डब्यात भरली आणि डबा कॉटखाली ढकलला. बाबूला पेजेचं वरचं निवळ पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. खालचा भात गिरणीत राबणाऱ्या माणसाला हवा, पोराला तो जड पडतो म्हणे! केवढी शहाणी मी.

दोरा सैल पडायला लागला. मला वाटलं, सूत ताणलं असेल. मी गाठ मारली. पुन्हा सैल, पुन्हा गाठ. दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. बाबू रांगेना, हळूहळू रडेनासा झाला, आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, किती शांत झालाय बघा.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते तेव्हा. एकदा कर्फ्यू लागला, दूधवाला आला नाही, हे कुठे अडकले कळेना. बाबूला घेऊन मी गॅलरीत उभी होते. शेजारच्या सोनाबाई बाहेर आल्या. साताऱ्याकडच्या, गिरणीत कामाला, घरानं नुकताच बौद्ध धर्म घेतलेला. त्यांच्या हातचं पाणीही मी घेत नव्हते. लिहितानासुद्धा लाज वाटते गं. त्यांनी बाबूचा दंड धरला आणि गाठी एकेक करून चाचपल्या.

"दोरा सैल व्हत नाय, बाय. लेकरू वाळतंय. माझी दोन अशीच गेली, तवा कळलं."

घरात काय आहे, विचारलं त्यांनी. मी कॉटखालचा डबा ओढून काढला. त्यांनी सांगितलं, नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवून दळायची, दाट शिजवून वर गूळ आणि शेंगदाण्याचं कूट, दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. पण मोड यायला वेळ लागणार, म्हणून पहिली वाटी त्यांच्या घरची आली, पितळेची. माझा हात क्षणभर थांबला. बाबूनं मात्र आ केला.

अक्षरओळख नसलेल्या बाईनं माझ्याच मारलेल्या गाठींतून माझं पोर वाचलं. आईला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, मलाच तेवढं नव्हतं.

काही महिन्यांनी बाबू दंड धरून रडायला लागला. दोरा मांसात रुतला होता! सोनाबाईंनी कात्रीनं तो कापला आणि आम्ही दोघी गॅलरीत बसून मनसोक्त रडलो.

आता मी ठाण्याला फ्लॅटमध्ये असते, बाबूचं पोट सुटलंय. घरी कधी येतेस, असं तू दर वेळी विचारतेस. येईन गं. पण घर म्हटलं की मला ती पितळेची वाटी आठवते. सोनाबाई गेल्या, वाटी माझ्याकडेच राहिली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते, आणि तिच्यात काय घालून द्यावं, ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही.