कानशीची सुरी

वाटण्या झाल्या तेव्हा जाळी अर्धी-अर्धी झाली, डोंगा सामाईक राहिला आणि मासे कापायची पावशी भासऱ्यांकडे गेली. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पावशी थोरल्या घरीच राहते, आमच्यात तशी रीतच आहे. ही रीत कुणी काढली, हे विचारायची मात्र रीत नाही. नवऱ्याने मान डोलावली. तो गरीब गाय आणि मी तोंडाळ, असं सासू म्हणायची. खोटं काही म्हणत नव्हती.

पण सिहोऱ्याच्या बाजारात न कापलेला मासा आता घेतो कोण? गिऱ्हाईक मोटारसायकलवरून उतरतसुद्धा नाही, वरूनच म्हणतं, "कापून दे." मग मी टोपली घेऊन भासऱ्यांच्या ओट्यापाशी उभं राहायचं आणि त्यांची गिऱ्हाइकं आटोपली की माझे मासे कापून घ्यायचे. तोवर माझं गिऱ्हाईक त्यांचं झालेलं असायचं. दोन महिने सोसलं. मग ठरवलं, माझ्या मासळीला माझं पातं हवं.

माझा बाप तुमसरला धानाच्या गिरणीत फिटर होता. त्याच्या दोन जुन्या कानशी माझ्या पेटीत पडून होत्या, दात झिजलेल्या. लोखंड घासायची कानस म्हणजे उत्तम पोलाद. बाप सांगायचा, "कानस लय कडक राहते, बाई. वाकत नाही, तुटते. तिले पयले आगीत नरम करा लागते."

हे मला पाठ होतं, तरी मी चुकले. आमच्या सासरी समज असा की माशाच्या लोखंडाला आग दाखवली तर मासा तलाव सोडून जातो. सासूने दटावलं आणि मी, एवढी तोंडाळ, मुकाट ऐकलं. त्याचा राग मला अजून येतो. आठ दिवस कानस नुसतीच दगडावर पाणी टाकून घासली. धार अशी चढली की सासूही हळूच बोट लावून पाहून गेली.

पहिल्याच बाजारी मोठा रोहू आला. त्याचं डोकं तोडायला सुरीवर लाकडाने ठोका मारला आणि सुरीचे दोन तुकडे झाले. आजूबाजूचे सगळे हसले. भासरे आणि भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, आमच्याकडे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून भासरे माझ्याकडे न बघता हवेत बोलल्यासारखं म्हणाले, "बाईच्या हातानं कुठं पातं बनते काय? आणा इकडे, कापून देतो."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "राहू द्या. आज मी विकतच नाही. पुढच्या बाजारी माह्याच सुरीनं कापीन." हसणं थांबलं. मी सुरीचे दोन्ही तुकडे टोपलीत टाकले आणि घरी निघाले.

मुठीकडचा वीतभर तुकडा शाबूत होता. अंगणात धानाच्या भुशाचा ढीग पेटवून तो त्यात पुरला. भुसा धुमसत राहतो, घाईने जळत नाही. दुसऱ्या दिवशी राखेतून काढला तेव्हा पोलाद नरम झालं होतं. नव्याने घासलं, कोळशावर लाल करून जवसाच्या तेलात बुडवलं आणि तव्यावर वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत पुन्हा शेकलं. बाभळीची मूठ बसवून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. सासू दारात बसून बोटं मोडत होती. "तलाव रिकामा होईन, पाहाजो!"

"होऊ द्या," मी म्हटलं.

पुढच्या बाजारी रोहूचं डोकं एका ठोक्यात वेगळं झालं. मासा कुठेही गेला नाही. भासऱ्यांच्या जाळ्यातही तेवढाच येत राहिला.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं थोरल्या घरी पुजतात. भासऱ्यांनी सासूकडून निरोप धाडला, "सुरी आणा म्हणाव. घरचीच हाये." तुटली तेव्हा ती बाईच्या हातची होती, चालायला लागली तशी घरची झाली! मी सांगितलं, "सुरी कुठंच जाणार नाही. माह्याच दारात पुजतो." पाटावर सुरी ठेवली आणि शेजारी तुटलेला तुकडाही ठेवला. त्यानेच भासऱ्यांपुढे माझं तोंड उघडलं होतं.

निरोप घेऊन आलेली सासू थोरल्या घरी परत गेली नाही. पाटासमोर बसली आणि दोन्ही तुकड्यांना कुंकू लावलं.

"चाळीस वर्सं मासे कापले म्या," ती म्हणाली. "पयले सासूच्या पावशीवर, मंग लेकाच्या. माह्यं म्हणावं असं पातं कधीच नव्हतं." मग माझ्या सुरीकडे बघत म्हणाली, "बाजारात तुह्याजवळ बसू काय?"

"बसा," मी म्हटलं. "पण हे सुरी माही. तुमची येगळी करू. बापाची एक कानस हाये अजून."

सासू पदर खोचून उठली.

"मंग भुसा मी आणतो," ती म्हणाली.